गवताचं पहिलं बाळंतपण

गवताचं लग्न ठरवताना मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण, यावरून दोन गावं हातघाईवर आली होती, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मीही आधी हसलेच होते. पण त्या लग्नात मध्यस्थ मी होते, वरमाई मीच होते आणि मुलीकडची पाहुणीही मीच. त्यामुळे ही हकीकत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू नका. लोक तिखटमीठ लावतात. मी फक्त मीठ लावते, तेही समुद्राचं.

मी शुभांगी जयवंत तारी, राहणार शिरगळ. माहेर खाडीच्या पलीकडच्या काठावर, खाजण्याला. खाडी तरी केवढी? इकडून हाक मारली तर तिकडचं कुत्रं भुंकतं. खाजण्यात मी मंजिरी कुबल होते. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं आणि मंजिरीची शुभांगी झाले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माहेरी गेलं की जुनं नाव परत मिळतं, असं आई म्हणायची. पण माझी मुलगी जुई पोटात असताना दोन गावांत रापणीच्या हद्दीवरून भांडण पेटलं. रापण म्हणजे अख्ख्या गावानं मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. कोणी कोणाची रापण कापली याबद्दल आजही दोन मतं आहेत, आणि माझ्या मते दोन्ही खरी आहेत. त्या दिवसापासून शिरगळ आणि खाजणे यांच्यात पाण्याचा पेलाही बंद झाला. माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरी झालं. आई गेली तेव्हा गेले होते, पण माहेरच्या पायरीवर बसून परत आले. माझा भाऊ रुपेश दारातच उभा होता. आत ये, असं तो म्हणाला नाही, आणि मीही कमी मानी नव्हे. त्यानंतर मला मंजिरी म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही.

आता गवताकडे येते.

जुई, म्हणजे जुईली, समुद्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करून गावातच परत आली. दोन्ही गावांपुढचं पाणी राखीव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात तिला नोकरी लागली. आल्याआल्या तिनं पहिलं काम काय केलं, तर आईला झापलं. मी बायकांच्या गटाची सफरीची होडी चालवते. पाहुण्यांना पाण्यातलं हिरवं दाखवून मी सांगायचे, "ह्या बघा, समुद्रातला शेवाळ."

"आये, ता शेवाळ न्हय," जुई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली. "खडकार तपकिरी झुबके दिसतत ना, ता शेवाळ. तेका मूळ नाय, फूल नाय. ह्या गवत. ह्येका मुळां आसत, फुलां येतत, बी धरता. पूर्वी जमनीर होता, मगे समुद्रात परत गेला."

"म्हंजे सासरसून माहेराक इला म्हण की," मी म्हटलं. पाहुणे हसले. जुई हसली नाही, ती बापावर गेली आहे.

मग तिनं यंत्र आणलं. यंत्र कसलं, कमरपट्ट्याएवढी रुंद, लांबच लांब काळी पट्टी. ती गवतातून तळाशी अंथरायची. गावानं तिचं नाव ठेवलं 'कान'. ऊन पडलं की पानं अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात, एवढं आपण शाळेत शिकलेलो आहोत. पाण्याखाली तो प्राणवायू बुडबुड्यांतून बाहेर पडतो. बुडबुडा पानापासून सुटला की थरथरतो आणि वाजतो. लहान बुडबुडा बारीक वाजतो, मोठा जाड. आपल्याला ते ऐकू येत नाही, पट्टीला येतं. अशा हजारो बुडबुड्यांच्या आवाजावरून गवत कुठं दाट आहे, कुठं आजारी आहे, कुठं मेलं आहे, हे पाण्यात न उतरता समजतं.

आणि जुईनं स्वतः शोधून काढलेली गोष्ट अशी, की फुलं उमलायच्या आधी गवताचा सूर बदलतो. पानांच्या पोकळ्यांतली हवा कळ्यांकडे वळते आणि बुडबुडे एकदम बारीक नि दाट होतात. हा शोध माझ्या मुलीचा आहे. परदेशातल्या परिषदांत तिच्या नावानं सांगितला जातो. मी तो बाजारात, बसमध्ये आणि दवाखान्याच्या रांगेतही सांगते. कोणाला राग आला तर येऊ दे.

कानाला जोडलेला कर्णा देवळात लावला. भर दुपारी आवाज असा यायचा, की तेलात मोहरी तडतडतेय. शिरगळची माणसं कामाधामातून उठून ऐकायला यायची. मुंबईतले शिरगळकर ऑफिसात डबा खाताना फोनवर ऐकायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "आमच्या गावचा गवत." महिन्याभरात खाजणेकरांनीही आपल्या पाण्यात कान बसवून घेतला. शिरगळात आहे ते खाजण्यात नाही, हे त्यांना कसं सोसणार? मग कोणाचं गवत चांगलं वाजतं यावरून वाद सुरू झाले. मी दोन्ही ऐकायची. खाजण्याचं जरा खर्जातलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, पण मला तेच आवडायचं.

दोन हजार सत्तेचाळीस सालच्या मे महिन्यात समुद्राचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट झालं. हिरवं बुळबुळीत शेवाळ माजलं आणि गवताच्या पानांवर चढून बसलं. खाजण्याचं निम्मं गवत त्या महिन्यात मुकं झालं. आमचं तगलं, म्हणून आमच्याकडच्या काही दीडशहाण्यांनी पेढे वाटले. जुलैत खाडीला पूर आला, लाल गढूळ पाणी आठ-दहा दिवस हटलंच नाही, आणि आमचं निम्मं मुकं झालं. उन्हानं त्यांचं खाल्लं, पुरानं आमचं. गवतात कोळंबीची, खेकड्यांची, माशांची पिल्लं वाढतात. गवत गेलं की रापणीत नुसतं पाणी ओढायचं. माझे यजमान रापण संघाचे अध्यक्ष. ते त्या वर्षी पहिली रापण ओढून आले आणि न जेवता झोपले.

गणपती गेल्यावर जुईनं देवळात बैठक बोलावली.

"ह्या आमचा सगळा गवत म्हंजे एकच झाड आसा," ती म्हणाली. "एकाच झाडाची मुळां रेतीखालसून पसरत गेली, वर पानां फुटली. शंभर ठिकाणचा गवत तपासलंय, सगळा एकच. एकाक जा सोसणा नाय, ता सगळ्यांकच सोसणा नाय. म्हणान पूर इलो आणि एकदम गेला."

"मगे बी कित्याक धरना नाय?" कोणीतरी विचारलं.

"कारण ता नर आसा."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमच्या गवताचा लगीनच नाय झाला!" आणि सगळं देऊळ हसलं.

जुई हसू ओसरेपर्यंत थांबली. "आणि खाजण्याचा गवत मादी. ताय सगळा एकच. आमच्याक ऊन सोसता, तेंच्याक गढूळ पाणी सोसता. दोघांचा बी धरला, तर तेच्यातल्या थोड्या रोपांका दोनय सोसतला. नाय धरला, तर दोनय गावांतला गवत संपला."

आता कोणी हसलं नाही. आमचे हे उठले, सदरा खाली ओढला आणि म्हणाले, "चेडू तेंचा. म्हंजे आमी वरपक्ष."

सगळ्या गोष्टीतून त्यांना एवढंच कळलं होतं. गावालाही तेवढंच कळलं.

बैठक खाडीच्या मधोमध झाली, कारण एकमेकांच्या किनाऱ्यावर पाय ठेवायचा नव्हता. दोन होड्या एकमेकींना बांधल्या. त्यांच्या होडीत रुपेश होता. आईच्या वेळेनंतर मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तो माझ्याशी बोलला नाही, माझ्या डोक्यावरून यजमानांशी बोलला.

"आमचा चेडू काय वाटेर पडला नाय," तो म्हणाला.

"आमीय झील विकूक काडूक नाय," हे म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा.

अशा गोड बोलण्यात लग्न ठरलं. कार्तिकात तुळशीची लग्नं लागतात, त्याच आठवड्यातला दिवस धरला. जुई तेव्हा परवानग्यांसाठी शहरात जाऊन बसली होती. मी आल्याशिवाय काही करू नका, असं ती फोनवर सांगत होती. पण तुळशीचं लग्न लावणारे लोक आम्ही. झाडाचं लग्न आम्हाला कोणी शिकवावं? लग्न म्हणजे मुलीनं सासरी यायचं, यात विचारण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही. खाजणेकरांना वाटलं नाही, आम्हाला वाटलं नाही.

खाजण्याहून टब आला. त्यात मुळासकट काढलेलं गवत, अंगठ्याच्या नखाएवढी पानं, टबाच्या कडीला हिरव्या बांगड्या, वर ओलं फडकं. खाजण्याच्या बायका खाडीच्या मध्यापर्यंत पोचवायला आल्या आणि खरोखरच्या रडल्या. ओटी मी भरली. यजमानांनी स्वतः बुडी मारून ते गवत आमच्या पाण्यातल्या सगळ्यात चांगल्या जागी लावलं. फटाके वाजले.

जुई दुसऱ्या दिवशी आली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"उपटलास? राखीव पाण्यातला गवत उपटलास?"

"उपटूक नाय. पाठवणी केली," यजमान म्हणाले.

"बाबा, तेका चिखल लागता, हय रेती आसा. मुळां तुटली. आणि आता फुलांचो दिवससुद्धा नाय!"

पंधरवड्यात त्या जागेवरचा आवाज विरळ होत होत बंद पडला. आणि तो बंद पडताना खाजण्यानं ऐकला. ती माणसं रोज दुपारी आमचा कान लावून बसायची, सासरी गेलेल्या मुलीचा आवाज ऐकायला. रुपेशचा निरोप आला, तीनच शब्दांचा: "आमचा चेडू मारलात."

तिकडे रुपेश पेटला आणि इकडे जुईनं आपल्या बापाविरुद्ध अहवाल लिहिला. राखीव क्षेत्रातलं गवत काढणं गुन्हा आहे, तो जयवंत तारी आणि रुपेश कुबल यांच्या सांगण्यावरून झाला. बाप आणि मामा, दोघांची नावं एका ओळीत. मी विचारलं, "गो, बापाशीचा नाव वगळता इला नसता?" ती म्हणाली, "दुसऱ्याच्या बापाशीचा वगळलंय असतंय?" तिच्या वडलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. जेवताना एक भिंतीकडे बघायचा, दुसरी ताटाकडे. मला रडूही यायचं आणि ऊरही भरून यायचा. दोघंही माझेच. एक मानी, दुसरी त्याहून मानी.

एका सकाळी मी कोळंबी सोलत बसले होते. जुई शेजारी येऊन बसली आणि न सांगता सोलायला लागली.

"आये, गवत हलवूचाच नाय. पराग हलवूचे. नराच्या कळये खुडून न्यायचे आणि मादी फुलता त्याच वक्ताक तिच्यात सोडूचे. परवानगी मिळाली हा तेची."

"म्हंजे नवऱ्यान बायलेच्या घराक जावचा?"

"व्हय."

"आणि बी?"

"बी थयच धरतला. खाजण्यात. फाल्गुनात दोनय गवतां एकदम फुलतली, चार दिवस. मगे पाणी तापताला. ह्या वर्साक चुकला तर पुढच्या वर्साक ऐकूक काय उरूचा नाय."

मी कोळंबी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांपुढं अख्खं शिरगळ उभं राहिलं, आणि त्याच्या तोंडात एकच शब्द होता. आमच्याकडे घरजावई ही शिवी आहे.

तसंच झालं. बैठकीत जुईनं सगळं समजावलं आणि यजमान उठून म्हणाले, "शिरगळचो नवरो घरजावय म्हणान जावचो नाय." टाळ्या पडल्या. जुई माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे आकडे होते, नकाशे होते, पण या शब्दावर तिच्याकडे औषध नव्हतं.

मी बायकांच्या रांगेतून उठले. नवऱ्याच्या विरुद्ध भर देवळात उभं राहायचं, हे मी त्याआधी केलं नव्हतं.

"माका एक सांगा," मी म्हटलं. "हय बसलेल्यांतले कितके जण आजोळाक जल्मले? हात वर करा."

हळूहळू हात वर झाले. जवळजवळ सगळे. यजमानांचाही अर्धा वर गेला आणि थांबला.

"मगे तुमचे सगळ्यांचे बापूस घरजावय होते काय?"

वर गेलेले हात खाली आले.

"पयला बाळंतपण माहेराक होता. ही रीत मी काडूक नाय, तुमचीच आसा. पोर आजोळाक जल्मता, थय न्हावन-माखून बापाशीच्या घराक येता. तेणा बापाशीचो मान जाता काय? माझा तेवढा होवक नाय. माझी जुई माहेराक जल्मली नाय, तुमच्या भांडणान. एका चेडवाचा माहेर तोडलास. आता दुसऱ्याचा तरी तोडू नका."

मी खाली बसले. शेजारच्या बाईनं माझा हात धरला. यजमान खांबाला टेकून उभे होते. तो माणूस हट्टी आहे, पण खरं बोलणं त्याला टोचतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. शेवटी ते म्हणाले, "जातलो तर चोरासारखो जावचो नाय. वरात होयी. वाजत गाजत."

"बाबा, वाजप नको," जुई म्हणाली. अहवालानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "आवाजान कानाक काय ऐकाक येवचा नाय. इंजिनसुद्धा नको."

ते तिच्याकडे वळले. "मगे वल्ह्यानी जावया. रापणीची मोठी होडी काडतंय. सगळे वल्हवणारे फेटे बांधतले."

"चलात," जुई म्हणाली.

खाजण्याला निरोप गेला. रुपेशचं उत्तर आलं, "चेडवाकडची माणसां किनाऱ्यार उभी आसतली."

फाल्गुन लागला. भटजींनी पंचांग उघडून मुहूर्त काढला आणि गवतानं तो मोडला. त्याच्या आदल्याच दिवशी, ऊन चढत असताना, देवळातला आवाज बदलला. मोहरीची तडतड थांबली आणि सुपात तांदूळ घोळल्यासारखं बारीक सळसळायला लागलं. थोड्या वेळानं खाजण्याचा कानही तसाच वाजू लागला. भटजींनी पंचांग मिटलं. "तेंका घाई आसा," ते म्हणाले.

आमच्या गटातल्या बायका बुडी मारायचे मुखवटे लावून पाण्यात उतरल्या. कळ्या तांदळाच्या कणीएवढ्या. त्या खुडायच्या, पण मूळ हलू द्यायचं नाही. वर्षानुवर्षं खडकावरची कालवं काढणारे हात ते, चुकले नाहीत. कळ्यांच्या पिशव्या समुद्राच्या पाण्यात बुडवून होडीत ठेवल्या आणि भरती थबकायची वाट पाहिली. पाणी वाहत असलं तर पराग वाहून जातात.

भर दुपारी वरात निघाली. पुढं माझे यजमान भगवा फेटा बांधून, मागं वल्हवणारे, मधे मी, जुई आणि पिशव्या. इकडच्या काठावर सगळं शिरगळ, तिकडच्या काठावर सगळं खाजणे. एरवी ही माणसं शेजारी उभ्या असलेल्याशीही ओरडून बोलतात. त्या दिवशी कोणी खोकलं नाही. तान्ह्या पोरांना बायकांनी पदराखाली घेतलं होतं. नुसती वल्ही ऐकू येत होती. गावाची वरात मी शेकडो वेळा पाहिली आहे, पण एवढ्या रुबाबात गेलेली नाही.

रुपेश कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्यानं आमच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धरली आणि स्वतःच्या हातानं थांबवली. गेल्या पंचवीसेक वर्षांत आमच्या गावाच्या होडीला त्यांच्यातल्या कोणाचा हात लागला नव्हता. जुईनं बोटानं जागा दाखवली. पिशव्या घेऊन मी उतरले.

लहानपणी याच पाण्यात मी बुड्या मारायची. तेव्हा पायाला गुदगुल्या करणारं ते हिरवं म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. तळाशी जाऊन मी पिशवीची नाडी सोडली. कळ्या फुटत होत्या, आणि त्यांतून पांढुरके, केसाहून बारीक धागे निघून पानांत पसरत होते. मला वाटलं, मी आईच्या अंगणात उभी आहे. पाण्याखाली रडता येतं, मुखवटा तेवढा भरतो.

वर आले तेव्हा रुपेशच्या मुठीत अक्षता होत्या. राखीव पाण्यात काही टाकायचं नाही, असं जुईनं बजावलं होतं. तो मूठ उगारून उभा राहिला, जुईकडे पाहिलं आणि तांदूळ गुपचूप खिशात टाकले. मग त्यानं मला हात देऊन होडीत चढवलं. "दमलंस?" त्यानं विचारलं. तेवढंच. घरी ये, असं तो म्हणाला नाही आणि मीही थांबले नाही. लग्न लागलं होतं, बी अजून धरलं नव्हतं.

नंतरचे आठवडे आमचे हे दिवसभर खाजण्याचा कान लावून बसायचे. "आज बरी वाजता," असं जेवताना जुईला सांगायचे. खाजण्याच्या बायका पाळीपाळीनं होडीत बसून राखण करायच्या, कोणाला नांगर टाकू द्यायच्या नाहीत. एक दिवस जुईनं चिखलात हात घालून देठाच्या बुडाशी चाचपलं आणि मटाराच्या दाण्याएवढी फळं तिच्या बोटांना लागली. बातमी दोन्ही देवळांच्या कर्ण्यांवर सांगितली गेली. शिरगळहून भांडणानंतर पहिल्यांदाच खाडीपलीकडे जिन्नस गेला, डिंकाच्या लाडवांचा डबा. गवत लाडू खात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. राखणदार बायका खातात.

मे आला आणि अठ्ठेचाळीसचा उन्हाळा सत्तेचाळीसहून वाईट निघाला. दोन्ही पाण्यांत मुके डाग पडत गेले. पण निम्मी फळं जुईनं त्याआधीच काढून केंद्राच्या टाक्यांत पेरली होती. निम्मी खाजण्याच्या चिखलातच ठेवली होती. टाक्यांत तिनं मे महिन्याचं ऊन केलं, जुलैचा पूर केला. बहुतेक रोपं मेली. ती रोज सांगायची किती गेली ते, आणि माझा जीव खालीवर व्हायचा. शेजारच्या टाकीतलं जुनं गवत, त्यांचं आणि आमचं, दोन्ही गप्प झालं. आणि एका टाकीत मूठभर रोपं राहिली. तापल्या पाण्यातही वाजणारी, गढूळ पाण्यातही वाजणारी. आवाज खर्जातला होता.

श्रावणात बारसं केलं. आजोळीच करतात, म्हणून खाजण्याच्या शाळेत. मधोमध काचेची टाकी, तिला फुलांची माळ, आत कान. नव्या जातीला नाव देणं शास्त्रालाही हवंच होतं. शिरगळ म्हणत होतं शिरगळचं नाव द्या, खाजणे म्हणत होतं खाजण्याचं. पुन्हा आवाज चढायला लागले, तेव्हा रुपेश जुईला म्हणाला, "नाव आते ठेवता. तू शिरगळचा चेडू, म्हंजे नवऱ्याची भैण. तू ठेव. आमी मधी बोलूचाव नाय."

बायकांनी जुईच्या पाठीत धपके घातले, "कुर्रर्र!" केलं. माझी शास्त्रज्ञ मुलगी खाली वाकली, टाकीच्या काठाला तोंड लावलं आणि पाण्यात कुजबुजली. तिला वाटलं असेल, फक्त गवत ऐकेल. पण कान चालू होता, आणि त्याचे कर्णे दोन्ही गावांच्या देवळांत होते. खाडीच्या दोन्ही काठांवर तिचा आवाज घुमला.

"मंजिरी."

मी कधी तिला ते नाव सांगितलं होतं, ते मला आजही आठवत नाही. एकदाच सांगितलं असेन, ती लहान असताना.

कर्ण्यावर बुडबुडे वाजत होते आणि मी खुर्चीत बसून होते. रुपेश गर्दीतून आला. मला वाटलं, टाकीपाशी जातोय. तो माझ्यासमोर थांबला.

"मंजिरी," तो म्हणाला. "घराक चल. तुझ्या वयनीन चाय ठेवल्यान हा."

मी यजमानांकडे पाहिलं. ते फेटा सारखा करत होते. "बघतंस काय? मी जावई आसंय. माकाय बोलवक होया."

"तुमका बोलवक कित्याक होया?" रुपेश म्हणाला. "तुमी तर घरजावय!"

सगळी शाळा हसली आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते जयवंत तारी.

आम्ही चालत गेलो. वाट तीच होती, फणस तेवढा मोठा झाला होता. दाराशी पायरी आली. आईच्या वेळी मी तिच्यावर बसून परतले होते. या वेळी बसले नाही.